विज्ञान दिन, उजव्या सोंडेचा गणपती आणि आमचं मंडळ

२८ फेब्रुवारी जवळ आला की आमच्या विज्ञान मंडळात धांदल उडते. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांना शाल-श्रीफळ हे दरवर्षीसारखंच, त्याबद्दल वेगळं काय लिहायचं? मी वाट बघते ती त्यानंतरच्या तासाभराची. त्यात शाळेतली मुलं जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा सांगतात, आणि त्याआधी आमचे भौतिकशास्त्राचे निवृत्त सर ना. वि. जगतापांची हकीकत सांगतात.

ही हकीकत मला पाठ आहे, तरी दरवर्षी ऐकताना गळा दाटून येतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. केंब्रिजला फ्रेड हॉएल यांच्याबरोबर केलेल्या गुरुत्वाकर्षणावरच्या कामामुळे त्यांचं नाव घरोघरी झालेलं, १९६५ साली, विशीतच पद्मभूषण मिळालेलं. हॉएल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहीत, त्यामुळे ती ओढही शिष्याला गुरूकडूनच लागलेली. पण एवढ्या मोठ्या नावाने कथा पाठवली तर परीक्षकांवर दडपण येणारच. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलट्या क्रमाने घेतली, 'नारायण विनायक जगताप' झाले, आणि हस्ताक्षर कुणी ओळखू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी सगळी कथा आपल्या हाताने लिहून काढली. जगतापांच्या 'कृष्णविवर'ला पहिलं बक्षीस मिळालं! सर इथे क्षणभर थांबतात, पुढच्या रांगेतल्या मुलांकडे बघतात आणि म्हणतात, "बक्षीस कथेला मिळालं रे, नावाला नाही." पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी विज्ञानकथेची दखल घेतली, हे सांगताना तर त्यांचा आवाज चढतोच.

यंदा आठवीतल्या एका मुलीने 'उजव्या सोंडेचा गणपती' सांगितली. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू अचानक डाव्या हाताने चेंडू टाकू लागतो, आणि त्याचं कोडं उलगडतं ते एका मूर्तीच्या सोंडेपाशी. हे सगळं नुसतं बोलून समजवायचं म्हणजे अवघडच. तिने पारदर्शक प्लॅस्टिकची हातभर पट्टी आणली होती. पट्टीला एक अर्धा पीळ दिला, टोकं चिकटवली आणि मार्करने गणपती काढला, डाव्या सोंडेचा. मग पट्टी पुढे सरकवत शेजारी तसाच दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी ती आधीचाच गणपती गिरवत होती, सोंड कुठेही मुद्दाम वळवत नव्हती. पूर्ण फेरी मारून ती पहिल्या गणपतीपाशी आली तेव्हा तिचा शेवटचा गणपती त्याच्या शेजारी उजव्या सोंडेचा होऊन बसला होता. दोन्ही एकाच पट्टीवर, एकाच मार्करचे. सभागृहात आधी कुजबुज झाली आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो मला अजून ऐकू येतोय. मोबियसची पट्टी म्हणजे काय, हे त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या आजींनाही कळलं.

एक खंत मात्र मांडतेच. हे बघायला किती जण होते? बक्षीस समारंभ आधी घेतला, आपापल्या मुलांचे फोटो काढून झाले आणि पालक निम्मा हॉल रिकामा करून निघून गेले. गावातल्या लिहित्या मंडळींना दरवर्षी घरी जाऊन आमंत्रण देतो, तीही फिरकत नाहीत. विज्ञानकथा म्हणजे मुलांचं काहीतरी, असा समज अजून आहे. अहो, २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद याच कथाकाराला मिळालं होतं. प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आलं नाही, ही हळहळ आम्हा सगळ्यांना आहे. २०२३ च्या जुलैत मंगलाताई गेल्या आणि २० मे २०२५ रोजी नारळीकरही गेले. यंदाचा कार्यक्रम त्यांच्यामागचा पहिला. म्हणून तरी लोक थांबतील असं वाटलं होतं.

सही मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. ती पद्धत आम्ही उचलली आहे. दारातच प्रत्येक मुलाला कोरं पोस्टकार्ड देतो आणि महिन्याभरात आमचे सर उत्तरं लिहून टपालात टाकतात. अक्षर थरथरतं आता, पण दुसऱ्या कुणाला लिहू देत नाहीत.

आता आभार, कुणी राहायला नको. सतरंज्या आणि खुर्च्या लावणारे शाळेचे शिपाईमामा. पैसे न घेता माइक लावणारा आणि खरखर सुरू झाली की धावत येणारा मंडपवाल्यांचा मुलगा. पोस्टकार्डांचा गठ्ठा वेळेत मिळवून देणारे पोस्टमनकाका. चहा-पोह्यांचं बघणाऱ्या भगिनी मंडळाच्या सगळ्या जणी. कथांची पुस्तकं महिनाभर मुलांकडे राहू देणाऱ्या ग्रंथपालबाई. मुलीकडून तालीम करून घेणाऱ्या मराठीच्या आणि गणिताच्या अशा दोन्ही मॅडम. फळा पुसून खडू आणून ठेवणारा पाचवीतला छोटू. आणि हो, रात्री हॉल झाडून कुलूप लावेपर्यंत थांबलेली कॉलेजची चार पोरं. त्यांचं नाव मागच्या अहवालात राहून गेलं होतं, म्हणून इथे ठळक लिहितेय.

पुढच्या वर्षी कथा आधी आणि बक्षिसं शेवटी, असं मी बैठकीत मांडलं आहे. दोघांनी विरोध केला, पण सरांनी मान डोलावली.