गोरीकडची सफरचंदं

सप्टेंबर संपत आला की आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षवाला गाव सोडत नाही. गोडी छाटणीचे दिवस असतात. मी 2024 साली छाटणी पंधरा दिवस पुढे ढकलून जॉर्जियाला निघालो तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "लोकांच्या बागा बघायला चाललाय, आपली कोण बघणार?" बोलणं बरोबर होतं. पण जिथे आठ हजार वर्षांपासून वाइन करतात म्हणे, तिथला द्राक्षाचा हंगाम एकदा डोळ्यांनी बघायचा होता. आणि ताईचा मुलगा तिथल्या राजधानीत, तिबिलिसीत, एमबीबीएस करतोय, त्यामुळे राहायची सोय फुकट होती. खरं कारण हे दुसरंच असावं.

भाच्याबद्दल आधी थोडं सांगायला हवं. तो मुळात युक्रेनमध्ये खारकीव्हला शिकत होता. मार्च 2022 मध्ये आपल्या दूतावासाने भारतीय मुलांना सांगितलं की शहर सोडा, वाहन मिळालं नाही तर पायी निघा. तेव्हा हा पाठीवर एक पिशवी टाकून पिसोचिनपर्यंत चालत गेला होता. ताईने ते चार दिवस देवापुढचा दिवा विझू दिला नाही. पुढे खारकीव्हचं शिक्षण अर्धं राहिलं आणि त्याच्यासारखी बरीच मुलं इकडे आली. तिबिलिसीत आता आपल्या मुलांची इतकी वर्दळ आहे की डाळ-भाताची मेसही सापडते.

पहिल्याच सकाळी त्याने मला तंबी दिली. "मामा, तुम्हाला येत नाही ते बरंय, पण इथं कुणाशी रशियनमध्ये सुरुवात करायची नाही. आधी गामार्जोबा म्हणायचं, मग इंग्रजी. म्हातारं माणूस असलं तरच रशियन." याला रशियन चांगलं येतं, कारण खारकीव्ह हे रशियन बोलणारं शहर. ज्यांच्यावर रशियाचे बॉम्ब पडले त्यांच्याकडूनच तो ही भाषा शिकला, आणि इथल्या कॅफेत ती तोंडातून निघाली की पोरं कपाळाला आठ्या घालतात. मग हा घाईघाईने सांगतो, "खारकीव्हचं आहे, खारकीव्हचं." बीएस्सीची मार्कशीट दाखवावी तसं.

त्याच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये पीटर्सबर्गचं एक जोडपं राहतं. सप्टेंबर 2022 मध्ये रशियात सैन्यभरतीचा हुकूम निघाला आणि वर्खनी लार्सच्या सीमानाक्यावर मोटारींच्या मैलोन् मैल रांगा लागल्या, त्या लोंढ्यात आलेलं. तो घरून कॉम्प्युटरचं काम करतो, ती मांजर सांभाळते. दोघंही युद्धाच्या विरोधात. पण अशी माणसं हजारोंनी आल्यावर शहरातली घरभाडी भडकली, आणि भाडं भरणाऱ्या तिबिलिसीकराला समोरचा रशियन युद्धाच्या बाजूचा की विरोधातला, याने फारसा फरक पडत नाही. भिंतीभिंतीवर "रशियन्स गो होम" लिहिलंय. या जोडप्याच्या जिन्यातही. ती बाई रोज त्या अक्षरांवरून चढ-उतार करते.

मी गेलो तेव्हा निवडणूक महिन्यावर आली होती, 26 ऑक्टोबरला मतदान. सत्ताधारी जॉर्जियन ड्रीम पक्षाचे मोठमोठे फलक रस्त्यावर होते. डाव्या अर्ध्यात युक्रेनमधली उद्ध्वस्त इमारत, काळ्या-पांढऱ्या रंगात. उजव्या अर्ध्यात तशीच जॉर्जियातली इमारत, धडधाकट आणि रंगीत. युद्ध नको, शांतता निवडा, असा मजकूर. भाचा पहिल्यांदा एका फलकासमोर थांबला आणि म्हणाला, "यांना फोटोच लावायचे होते तर स्वतःचे 2008 चे होते की." नंतर तो त्या फुटपाथने जायचंच टाळायचा.

2008 चं थोडक्यात असं. दक्षिण ओसेशिया हा जॉर्जियाचा उत्तरेकडचा प्रदेश 1990 च्या दशकापासूनच हाताबाहेर गेलेला होता. 7 ऑगस्टच्या रात्री जॉर्जियन सैन्याने त्याचं मुख्य शहर त्सखिनवालीवर तोफा डागल्या, रशियन फौजा आत आल्या आणि पाच दिवसांत जॉर्जियाचा पुरता पराभव झाला. सगळ्या बाजू धरून 850 च्या आसपास माणसं मेली, लाखावर लोक घराबाहेर पडले. पुढे रशियाने दक्षिण ओसेशिया आणि असाच हाताबाहेर गेलेला दुसरा प्रदेश अबखाझिया, या दोघांना देश म्हणून मान्यता दिली. देशाचा साधारण 20 टक्के भूभाग आज तिबिलिसीच्या ताब्यात नाही. युरोपीय संघाने नेमलेल्या चौकशीचा अहवाल 2009 मध्ये आला. उघड युद्धाची सुरुवात जॉर्जियाच्या माऱ्याने झाली, पण त्याआधी बरीच वर्षं चिथावणी चालू होती आणि रशियाचं प्रत्युत्तर प्रमाणाबाहेर होतं, असं त्यात आहे. प्रत्येकाला आपल्या सोयीचं वाक्य मिळालं. मला भेटलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी त्या अहवालाचा पूर्वार्ध सांगितला, निम्म्यांनी उत्तरार्ध.

रुस्तावेली रस्त्यावरच्या कॉफीच्या दुकानात भाच्याच्या वर्गातली एक मुलगी भेटली. तिच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. आज युक्रेन, काल आम्ही. आमचं सरकार रशियावर निर्बंध घालत नाही याचीच लाज वाटते. तिच्या ओळखीची दोन मुलं युक्रेनच्या बाजूने लढायला गेलीत. मग तिने सरळ मलाच विचारलं, "तुम्ही रशियाचं तेल घेता ना?" मी काहीतरी गरीब देश, महागाई असं पुटपुटलो. आमच्या भागातली द्राक्षंही रशियाला जातात, हे मी तिला सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळचा टॅक्सीवाला साठीच्या पुढचा होता. मूळचा अबखाझियातल्या सुखुमीचा, 1993 मध्ये तिथल्या लढाईतून डोंगर ओलांडून पळून आलेला. तिबिलिसीतल्या एका मोठ्या हॉटेलात तेव्हा खोली-खोलीत निर्वासितांचे संसार होते, बाल्कन्या पत्र्या-फळ्यांनी बंद केलेल्या, त्यातल्याच एका खोलीत त्याची दहा वर्षं गेली. माझी अटकळ अशी की हा रशियाला सगळ्यात जास्त शिव्या देईल. दिल्याही. पण मत तो फलकवाल्यांनाच देणार होता. "ज्यांनी घर सोडलेलं नाही त्यांना लढाईचं फार असतं," असं तो आरशात बघत म्हणाला. मुलीचं म्हणणं ऐकताना मला ती पटली होती. याचं ऐकताना हा पटला. प्रवासात माझं हे असंच होतं, बायको म्हणते घरातही होतं.

मग काखेतीला गेलो, ज्यासाठी आलो होतो. तोडणीला तिथे रथ्वेली म्हणतात. आपल्यासारखा मांडव नाही, कमरेएवढ्या तारांवर वेली. सापेरावी नावाचं काळं द्राक्ष आहे, त्याचा गरसुद्धा लाल. अर्धा तास कात्री चालवली तर बोटं नखांपर्यंत जांभळी झाली, ती तीन दिवस निघाली नाहीत. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण, क्वेव्री, त्यात साल-देठासकट रस ओततात. यजमान शेतकरी आत वाकून टॉर्चने दाखवत होता आणि वरून त्याचा मुलगा इंग्रजीत भाषांतर करत होता.

तेव्हा 2006 चा विषय निघाला. त्या साली रशियाने दर्जाचं कारण दाखवून जॉर्जियन वाइन आणि बोर्जोमीचं बाटलीतलं खनिज पाणी बंद केलं. मुख्य गिऱ्हाईकच गेलं. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की आमच्याकडे व्यापारी सौद्याला फिरकत नाही, तसंच, पण सात वर्षं. 2013 मध्ये बंदी उठली आणि आज पुन्हा सगळ्यात जास्त बाटल्या रशियालाच जातात. बाप म्हणाला, पोराची फी त्याच पैशातून गेली. पोरगा म्हणाला, याच कारणाने ती नळी त्यांच्या हातात आहे, कधीही पिळतील. बापाने मग जॉर्जियनमध्ये काहीतरी लांबलचक सुनावलं, त्याचं भाषांतर पोराने केलं नाही.

रात्री जेवायला बसलो. तिथे घोटागणिक भाषण करायची पद्धत आहे आणि त्याला एक प्रमुख असतो, तमादा. अर्थात बापच. पहिला प्याला शांततेचा. "मश्विदोबास गौमार्जोस." मुलाने कुजबुजून अर्थ सांगितला: शांततेचा विजय असो. यांचं रोजचं गामार्जोबा हेसुद्धा विजय या शब्दावरूनच आलंय, आणि सकाळचा नमस्कार "दिला मश्विदोबिसा" म्हणजे शांततेची सकाळ. पोरगा हसून म्हणाला, आम्ही दिवसभर एकमेकांना हे दोन्ही म्हणतो आणि मग भांडतो. प्याला मात्र त्याने बापाच्या आधी संपवला.

मधल्या एका दिवशी गुदाउरीच्या घाटात रशिया-जॉर्जिया मैत्रीचं स्मारक पाहिलं, 1783 च्या तहाच्या द्विशताब्दीला सोव्हिएत काळात बांधलेलं. रंगीत तुकड्यांची अर्धगोल भिंत, पुढे दरी, सेल्फीची गर्दी. खाली रस्त्यावर रशियाकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. बस.

गोरी मात्र मनातून जात नाही. दिदुबेच्या स्टँडवरून मार्श्रुत्का, म्हणजे आपली काळी-पिवळी समजा, भरली की सुटते. महामार्गाच्या कडेला त्सेरोवानी लागतं. एकसारखी, एका मापाची, तांबड्या छपरांची घरं, आगपेट्या ओळीने मांडून ठेवाव्यात तशी. दोन हजारांच्या घरात. 2008 च्या विस्थापितांसाठी काही महिन्यांत उभी केलेली. गाडीतलं कुणीही त्या बाजूला बघत नव्हतं.

गोरी हे स्टालिनचं जन्मगाव. त्याचं लहानसं घर वरून मंडप घालून जपलंय, शेजारी संग्रहालय आणि त्याचा हिरवा रेल्वेचा डबा. भर चौकातला पुतळा 2010 मध्ये एका रात्रीत काढला. त्याच चौकात ऑगस्ट 2008 मध्ये रशियन मारा झाला आणि एक डच कॅमेरामन मारला गेला. डब्यासमोर एक म्हातारे गृहस्थ भाच्याला सांगत होते, काही म्हणा, माणूस आमचा होता. मारा करणारे त्याच्याच जुन्या देशाचे, हे मी भाच्याला विचारायला लावलं. आजोबा म्हणाले, ते वेगळं.

मी जायच्या दोन आठवडे आधी याच गावात सत्ताधारी पक्षाचे सर्वेसर्वा इवानिश्विली म्हणाले होते की 2008 बद्दल आपण ओसेटियन बांधवांची माफी मागायला हवी. तिबिलिसीत त्यावरून आग लागली होती. म्हणून मुद्दाम गोरीच्या उत्तरेला गेलो, त्सखिनवाली तिथून तासाभराच्याही आत. हद्दीवरच्या एर्ग्नेती गावाच्या अलीकडे पोलिसांनी पासपोर्ट बघितले आणि सभ्यपणे परत पाठवलं. परतताना एका सफरचंदाच्या बागेत माणसं तोडणी करताना दिसली आणि मी गाडी थांबवायला लावली. शेतकरी शेतकऱ्याच्या बांधावर थांबतोच.

बाग जुनी, झाडं उंच, आणि फळ आकाराने लहान. मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. फळ लहान का, हे विचारल्यावर त्यांनी हाताने उत्तर दाखवलं. पाटाचं पाणी वरून, पलीकडून येत असे. 2008 नंतर ते बंद झालं. मी गोदावरीच्या वरच्या अंगाचा माणूस. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की आम्ही मोर्चे काढतो. आयुष्यात पहिल्यांदा मी पाटाच्या खालच्या टोकाला उभा होतो.

माफीचं विचारलं. भाचा भाषांतर करत होता, त्यालाही शब्द जपून वापरावे लागत होते. बाई म्हणाल्या, "मागू की. पण कुणाला भेटून?" त्यांची नणंद पलीकडे ओसेटियन घरात दिलेली. पूर्वी अशी लग्नं सर्रास होत. एर्ग्नेतीला मोठा बाजार भरायचा, पीठ, पेट्रोल, सिगारेटी, सगळा चोरटा माल, पण दोन्हीकडची माणसं यायची, नणंदही. सरकारने 2004 मध्ये तो बंद केला. "कर बुडत होता म्हणाले," असं म्हणून त्यांनी फडक्याने एक सफरचंद पुसून माझ्या हातात दिलं. युद्ध कुणी सुरू केलं यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. युक्रेनचं भाच्याने स्वतःहून काढलं, आपण तिथून पळालो म्हणून सांगितलं. बाई एकदम थांबल्या. मग त्यांनी त्याच्या दंडाला धरून विचारलं, "आईला कळवलं होतंस का तेव्हा?"

पैसे घेतले नाहीत. पाच-सहा किलोची पिशवी बळेबळे गाडीत ठेवली.

दोन माणसांना एवढी सफरचंदं संपणार नव्हती. रात्री भाच्याने निम्मी एका भांड्यात काढली आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. मी दारातून बघत होतो. बाईने मांजर पायाने मागे सारलं, भांडं घेतलं, एक फळ नाकाशी नेलं आणि काहीतरी विचारलं. भाचा क्षणभर थांबला, मग दोन शब्द बोलून परत आला.

"काय म्हणाली?"

"कुठली आहेत म्हणून विचारलं."

"मग?"

"बाजारातली म्हटलं, मामा."