आमच्या दगडी चर्चचे जतन आणि विस्तार : माझा अनुभव

गंगापूर-वैजापूर पट्ट्यातील आमच्या गावाचे कॅथलिक चर्च शंभरी ओलांडलेले आहे. फ्रान्समधील आन्सी येथून आलेल्या, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघातील मिशनऱ्यांनी ते बांधले, तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि चर्चच्या व्यवस्थेत 1887 साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात मोडत होता. पुढे 1955 मध्ये अमरावती आणि 1977 मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला, तरी इमारत मात्र जवळपास तशीच राहिली. काळ्या पाषाणाच्या जाड भिंती, चुन्याचे बांधकाम, सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि वर मंगलोरी कौले असा तिचा घाट आहे. मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो आणि त्याच सुमारास फादरांनी मला दुरुस्ती समितीवर घेतले. त्यानंतर जे करावे लागले, ते इतर धर्मग्रामांना (पॅरिशांना) उपयोगी पडेल अशा बेताने येथे लिहीत आहे.

अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. नाताळ आणि ईस्टरला निम्मे लोक बाहेर मांडवात उभे राहून मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, ऐकत, त्यामुळे जागा वाढवणे आवश्यक झाले होते. दुसरीकडे, भिंतींना कंबरेच्या उंचीपर्यंत लोणा लागला होता, गिलाव्याचे पोपडे पडत होते आणि पावसाळ्यात वेदीच्या बाजूला घमेली ठेवावी लागत होती. धर्मग्राम परिषदेच्या पहिल्या बैठकीत बहुतेकांचे म्हणणे एकच होते की, हे पाडावे आणि खांब-तुळयांचा सांगाडा उभारून वर स्लॅब टाकावा. असे म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. आमच्याकडे स्लॅबचे घर ही बरकतीची खूण मानली जाते आणि दगडी भिंत म्हटली की 30 सप्टेंबर 1993 ची पहाट अजूनही लोकांच्या डोळ्यांपुढे येते. एका वडीलधाऱ्या सभासदांनी उभे राहून विचारले, "साहेब, किल्लारीत दगडाखालीच माणसं गेली ना?"

या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते, कारण तो निव्वळ भीतीतून आलेला नव्हता. लातूर-धाराशिव भागात पडलेल्या घरांच्या भिंती गोलसर दगड मातीत बसवून रचलेल्या होत्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड त्यांत बहुधा नव्हते आणि डोक्यावर धाब्याच्या मातीचे प्रचंड ओझे होते. आमच्या भिंतीत घडीव दगड आणि चुना आहे आणि छप्पर कौलांचे, म्हणजे तुलनेने हलके आहे. मात्र आरपार दगड पुरेसे आहेत की नाहीत, हे नुसते पाहून सांगता येत नव्हते. संभाजीनगरच्या एका वास्तुविशारद बाईंना जुन्या इमारतींचा अनुभव होता. त्यांनी दोन ठिकाणी भिंत जपून उघडून पाहिली आणि काही भागांत हे दगड फारच दूर दूर असल्याचे दाखवून दिले. तेथे भोके पाडून, लोखंडी सळई ठेवून काँक्रीटचे आरपार दुवे ओतायचे, हा लातूरच्या भूकंपानंतर दगडी घरे मजबूत करण्यासाठी सांगितला गेलेला उपाय आम्ही अवलंबिला. छपराच्या पातळीवर चारही भिंतींना बांधून ठेवणारी लोखंडी पट्टीही घातली. पाडण्याचा विषय त्यानंतर मागे पडला, अर्थात पाडून बांधण्याचे अंदाजपत्रक वाचून दाखवल्याचाही त्यात वाटा होता.

परवानग्यांच्या वाटेवर पहिला अडथळा जमिनीच्या कागदांचा आला. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे असल्यामुळे आमच्या जागेची मूळ नोंद उर्दूत आणि फसली सनात होती, तर सातबाऱ्यावर हद्द वेगळीच दिसत होती. गावातील एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी आमच्या ओसरीवर बसून सगळा दस्त वाचून दिला आणि फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो, हेही समजावले. त्यांनी एका रुपयालाही हात लावला नाही, फक्त चहा घेतला. त्यानंतर मोजणी झाली, हद्दीच्या खुणा रोवल्या गेल्या आणि नकाशे मंजुरीसाठी गेले. धार्मिक वास्तू म्हटल्यावर साध्या घरापेक्षा जास्त दारे ठोठवावी लागली. कोणत्या टेबलावर कागद किती काळ पडून होता, हे लिहिण्यात मला रस नाही. एवढेच सांगतो की, मोजणीचा नकाशा हाती नसता, तर फाइल पहिल्याच टेबलावरून परत आली असती.

चर्चची स्वतःची परवानगी हा वेगळा विषय आहे आणि आपल्या लोकांना त्याची माहिती कमी असते. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, 1216 व्या कलमाप्रमाणे चर्च बांधताना किंवा दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला घेऊन उपासनाविधीची आणि पवित्र कलेची तत्त्वे पाळावी लागतात. 1189 व्या कलमाप्रमाणे, जुन्या, कलात्मक किंवा भाविकांच्या विशेष श्रद्धेच्या मौल्यवान मूर्ती दुरुस्त करायच्या असतील, तर लेखी परवानगी लागते. आमच्या एका उत्साही देणगीदारांनी पवित्र मारियेच्या जुन्या लाकडी मूर्तीला ऑइलपेंट देण्यासाठी रंगारी आणलाच होता. फादरांनी हे कलम दाखवले म्हणून मूर्तीचा मूळ रंग वाचला. महागुरुस्वामींकडे, म्हणजे बिशपांकडे, आम्ही नकाशे, भिंतींच्या तपासणीचा अहवाल आणि खर्चाचा तक्ता एकत्रच पाठवला आणि त्यांच्या कार्यालयातून आलेले प्रश्न बहुतेक वेदीविषयी होते. त्याकडे पुढे येतो.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात काही बांधण्याने झाली नाही, तर काढण्याने झाली. काही दशकांपूर्वी एका ठेकेदाराने भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता आणि तेव्हा सर्वांना तो मजबूत वाटला होता. काळी जमीन पावसाळाभर पाणी धरून ठेवते, ती ओल दगड-चुन्यातून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जाते. सिमेंटने ही वाट बंद केली. अडलेली ओल आणखी वर चढली, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाजवळ साचून फुलले आणि जुना चुना पिठासारखा भुसभुशीत झाला. खुलताबाद-दौलताबाद भागातील स्मारकांवर काम केलेले एक वयस्क गवंडी आम्हाला मिळाले होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी सिमेंटचा एक पापुद्रा छिन्नीने उचलला, मागचा ओला भुगा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "भिजलेल्या माणसाला वरून रेनकोट घातलाय तुम्ही, साहेब. सुकंल कसा?" सिमेंट काढल्यानंतर मामांनी एक पूर्ण उन्हाळा भिंती उघड्या ठेवायला लावल्या. लोकांना काम थांबल्यासारखे वाटले, विचारणा सुरू झाली, परंतु त्या उघड्या उन्हाळ्याइतका स्वस्त उपाय संपूर्ण कामात दुसरा झाला नाही.

चुन्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कळीचा चुना आणून खड्ड्यात विरवला आणि पाण्याखाली मुरत ठेवला. मामांच्या मते तो जितका जुना, तितका लोण्यासारखा मऊ होतो आणि तितकाच नीट बसतो. त्यात चाळलेली वाळू आणि भाजक्या विटांची सुरखी मिसळून चक्कीत मळून घेतले, आणि गिलाव्याच्या थरांसाठी गूळ, हिरडा व बेलफळाचे पाणी वापरले. आतल्या थरात तागाचे तंतू घातले, तेव्हा आमच्या तरुण मंडळींना हसू आले. पण येथून जवळच, वेरूळच्या लेण्यांतील जुन्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत, हे सांगितल्यावर त्यांनी चहाच्या वेळी मामांना बरेच छेडले. दगडांच्या दरजा खोलवर खरवडून चुन्याने भरल्या. चुना सिमेंटसारखा एका रात्रीत घट्ट होत नाही, तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो आणि त्या काळात तो उन्हाने करपू द्यायचा नसतो. म्हणून भिंतींवर ओली गोणपाटे टांगली. टँकरच्या दिवसांत भिंतीवर पाणी मारणे गावाच्या डोळ्यांत खुपले असते, त्यामुळे गिलाव्याचे काम मुद्दाम पावसाळा सरल्यावर, विहिरीला पाणी असताना घेतले.

छपराच्या कैच्या बहुतांश शाबूत निघाल्या. भिंतीत रुतलेली त्यांची टोके तेवढी वाळवीने खाल्ली होती, ती कापून जुन्याच सागाचे जोड दिले. उतरवलेल्या कौलांच्या पाठीवर बासेल मिशनची अक्षरे होती. मंगळुरात 1865 साली कौलांचा पहिला कारखाना काढणारे हे मिशन प्रोटेस्टंट होते, म्हणजे आमच्या कॅथलिक पूर्वजांनी इतकी वर्षे प्रोटेस्टंट छपराखाली प्रार्थना केली! फादरांनी ही गोष्ट त्या रविवारच्या प्रवचनात आवर्जून सांगितली.

विस्तार कोठे करायचा, यावर सर्वांत जास्त खल झाला. पुढे वाढवले, तर घंटेचा मनोरा आणि दर्शनी कमान झाकली जाणार. मागे वाढवायचे, तर वेदी हलवावी लागणार. उरल्या दोन बाजू, पण त्यासाठी ओझे पेलणारी भिंत फोडावी लागणार, ही भीती होती. तोडगा वास्तुविशारद बाईंनी भिंतीतच शोधला. बाजूच्या प्रत्येक खिडकीवर दगडी कमान होती आणि वरचे ओझे ती आधीपासूनच पेलत होती, तेव्हा कमानीला हात न लावता खिडकीखालची भिंत तेवढी जमिनीपर्यंत उतरवली की खिडकीचे दार होते. दोन खिडक्यांमधले भिंतीचे दगडी खांब जसेच्या तसे राहिले. आज नव्या भागात बसलेल्या माणसाला या कमानींतून वेदी दिसते, आणि ज्याला खांब आड येतो, तो थोडा सरकून बसतो.

नव्या बाजू जुन्या भिंतीला कोठेही चिकटवलेल्या नाहीत. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या खोलीवर घातलेले दोन पाये सारखे हलत नाहीत. ते जखडून टाकले, तर सांध्यावर तडा ठरलेला. म्हणून नवा पाया काळी माती पूर्ण काढून घट्ट मुरमापर्यंत नेला, जुन्या भिंतीजवळचे खोदकाम तुकड्या-तुकड्याने केले आणि दोन्ही इमारतींमध्ये बोटभर रुंदीची फट ठेवली. नवे छप्पर जुन्या पाखीच्या खाली ठेवून मध्ये रुंद पन्हळ दिली. ठेकेदाराच्या माणसाला ही फट म्हणजे काम अर्धवट राहिल्यासारखी वाटत होती आणि तो ती सिमेंटने भरून टाकण्याच्या बेतात होता. मला दोन दिवस तेथे खुर्ची टाकून बसावे लागले. भिंतीचा दगड त्याच जातीचा घेतला, पण घडाई साधी ठेवली, त्यामुळे जुने कोणते आणि नवे कोणते हे पाहणाऱ्याला कळते. काहींना ते आवडले नाही. मला मात्र जुन्याची नक्कल करण्यापेक्षा हेच योग्य वाटते.

वेदीचा प्रश्न शेवटपर्यंत नाजूक राहिला. जुनी वेदी मागच्या भिंतीला लागून आहे, कारण ती बांधली तेव्हा धर्मगुरू लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा करीत. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविषयक दस्तऐवज आला, मिस्सा मराठीत होऊ लागली आणि आमच्याकडे जुन्या वेदीपुढे एक लाकडी टेबल आले, ते तात्पुरते म्हणून पुढे कायमच राहिले. काहींचा आग्रह जुनी वेदी सुटी करून पुढे आणण्याचा होता, पण ती हलवताना तिचे नक्षीकाम फुटणार हे उघड होते. अशा परिस्थितीसाठी मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांच्या 303 व्या परिच्छेदात स्पष्ट मार्ग आहे : जुनी वेदी कलात्मक मूल्याला धक्का न लावता हलवता येत नसेल, तर दुसरी स्थिर वेदी उभारावी, उपासना तिच्यावरच करावी आणि लोकांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून जुन्या वेदीची खास सजावट करू नये. शेवटच्या वाक्याने महिला मंडळ नाराज झाले, कारण नाताळची फुले आणि रोषणाई पिढ्यान्‌पिढ्या जुन्या वेदीवरच होत आली होती. सिस्टरांनी समजूत काढली आणि फुले आता नव्या वेदीजवळ, खालच्या पायरीवर ठेवली जातात.

नव्या वेदीचा माथा एकसंध काळ्या दगडाचा आहे. पाटे-वरवंटे आणि जाती घडवणाऱ्या पाथरवटाने तो घडवला आणि किंमत सांगताना इतका संकोचला की, फादरांनाच त्याचा आकडा वाढवावा लागला. चर्च पूर्वीच समर्पित असल्यामुळे समर्पणविधी फक्त वेदीचा झाला. महागुरुस्वामींनी मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर पवित्र तेल ओतून ते तळहाताने सगळ्या दगडावर पसरले, तेव्हा करडा दिसणारा तो माथा एकदम काळाभोर झाला.

पैशांबाबत थोडक्यात सांगायचे, तर बहुतेक रक्कम गावातून आणि पुणे-मुंबईला नोकरीला गेलेल्या कुटुंबांकडून आली आणि वित्त समितीने दर महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावला. परदेशातून मदत देऊ करणाऱ्यांना, विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी असलेल्या खात्याखेरीज एक पैसाही घेता येणार नाही, असे आम्ही आधीच कळवले होते.

पहिल्या पावसाळ्यात जुन्या-नव्याच्या मधल्या पन्हळीत चिंचेचा पाला अडकून पाणी एका कमानीवर उतरले. आता मृग लागण्यापूर्वी पन्हळी साफ करणे, भिंतीभोवतालची फरशी उतरती आहे की नाही हे पाहणे आणि उखडलेल्या दरजा भरणे, ही कामे युवक मंडळाकडे दिली आहेत. उरलेल्या चुन्याचा खड्डा मामांच्या सांगण्यावरून पाण्याने भरून झाकून ठेवला आहे, आणि चर्चच्या आवारात सिमेंटची गोणी आणायची झाल्यास ती कशासाठी हवी, हे समितीला लेखी द्यावे लागते.