धुरीकरणाचा अर्ज

पावसाळ्यात आमच्या कीटकनियंत्रण खात्याकडे धुरीकरणाचे अर्ज ढिगाने येतात. परळच्या एका चाळीतून आलेल्या अर्जात मात्र खोलीचा क्रमांक देऊन, तिथल्या गृहस्थांना एचआयव्ही आहे, त्यांना चावलेले डास आम्हाला चावतात, म्हणून तिथे रोज धूर मारावा, अशी मागणी होती. ‘धूर मारून मोकळे व्हा,’ असे वरिष्ठ म्हणाले. धुराने उडते डास मरतात, रहिवाशांचे समाधान होते आणि पाण्यातल्या आळ्या खुशाल वाढत राहतात.

मी आधी पिंपे तपासली. सावली पडताच आळ्या तळाशी जातात, म्हणून बॅटरी तिरकी धरून स्तब्ध थांबावे लागते; मग मलेरियाच्या डासाची आळी पृष्ठभागाला समांतर पडलेली दिसते, तर डेंगीच्या एडिसची डोके खाली करून लोंबकळते. अर्जावर पहिली सही करणाऱ्या काकांच्याच पिंपात एडिस होती.

डेंगीचा विषाणू डासाच्या आतड्यात वाढून साधारण ८ ते १२ दिवसांत लाळग्रंथींत पोहोचतो. एचआयव्हीला वाढायला लागणाऱ्या माणसाच्या पेशी डासात नसल्याने तो रक्ताबरोबर पचून जातो, हे मी सांगितले. ‘आणि सोंडेला लागलेले रक्त?’ काकांनी विचारले. प्रश्न नेमका होता, कारण एचआयव्हीच्याच कुळातला, घोड्यांना रक्तक्षय करणारा एक विषाणू घोडेमाश्या तोंडाला लागलेल्या रक्तातून पसरवतात. पण घोडेमाशी कातडी कापून रक्त चाटते, तिच्या तोंडाला बरेच रक्त राहते. डासाच्या सोंडेत लाळ सोडण्याची नळी वेगळी आणि रक्त ओढण्याची वेगळी. बाहेर उरणारे रक्त इतके नगण्य असते की त्यातून लागण होत नाही. तसे होत असते, तर एका खोलीत झोपणारी लेकरे आणि म्हातारी माणसेही सर्रास बाधित झाली असती. सर्वांनी माना डोलावल्या. मग एका मावशींनी विचारले, ‘पण साहेब, धूर माराल ना?’

पिंप रिकामे करून आतून घासून घेतले, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात. नवा अर्ज केवळ डासांच्या उपद्रवाचा लिहून घेतला. तरीही पहिला अर्ज आवक क्रमांकासह फाइलीत आहे. एखाद्याच्या एचआयव्हीविषयीच्या अशा नोंदी सुरक्षित ठेवणे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक असताना, ती फाइल कोणकोणत्या टेबलांवरून फिरावी, हे ठरवण्याची जबाबदारी कार्यालयात कोणीही घेत नाही.