करवल्यांचे दागिने: बस्त्यापासून मांडवापर्यंत

नणंदेच्या लग्नात करवल्यांच्या दागिन्यांचं काम माझ्याकडे होतं. गाव दर्यापूर तालुक्यातलं, लग्न वैशाखातलं, करवल्या नऊ. सात आमच्याकडच्या आणि दोन नवरदेवाकडच्या. पुढच्या लग्नात हे काम ज्या वहिनीच्या किंवा मावशीच्या गळ्यात पडेल, तिच्यासाठी लिहून ठेवते.

सगळ्यात आधी याद्या दोन केल्या. नवरदेवाच्या बहिणींना जे द्यायचं तो मान असतो. तिथे वस्तू चांदीची आणि दोघींना वजनात सारखी, नाहीतर व्याहीमंडळींत वर्षभर बोलणं होतं. आमच्या सातजणींची हौस होती, तिथे माणशी सहाशेची मर्यादा घातली. सातऐवजी नऊ नग सांगितले, कारण ऐन हळदीच्या दिवशी मामाची नाहीतर मावशीची एखादी पोट्टी "मी बी करवली" म्हणून उभी राहतेच. एक नग तुटण्यासाठी आणि एक तिच्यासाठी.

दागिना कपड्याच्या आधी घेऊ नये. बस्ता झाला, ब्लाउज शिवायला टाकले, गळ्याचा आकार ठरला, तेव्हाच गळ्यातलं ठरतं. बोटनेकवर ठुशी कापडावर चढते आणि घाम आला की तिरपी होते. खोल गोल किंवा चौकोनी गळा असेल तर ती हाडावर नीट बसते. रंगाचंही तसंच. रीलमध्ये सगळ्या करवल्या फिकट पिस्ता नाहीतर लव्हेंडर साडीत असतात, कारण ते फोटो उघड्या लॉनवर काढलेले असतात. आपल्याकडचा मांडव लाल-पिवळ्या कापडाचा. दुपारचं ऊन त्यातून गाळून येतं आणि फिकट रंगाची साडी फोटोत मळकट दिसते. आम्ही गर्द हिरवी आणि राणी अशा दोनच रंगांत सातजणी बसवल्या. नवरीच्या बस्त्यात एक करवतकाठी घेतली. ती आपल्या विदर्भाची, टसरच्या मधाळ रंगाची, काठाला करवतीसारखे दाते. त्या रंगावर पिवळंधमक पॉलिश उठून दिसत नाही, मंद अँटिक पॉलिश छान दिसतं. म्हणून करवल्यांचंही सगळं अँटिकच घेतलं. एकाच फोटोत तीन अँटिक आणि चार चकाकीवाल्या असल्या की दागिने उसने आणल्यासारखे वाटतात.

आता दागिना कोणता? करवली नुसती नटून उभी राहत नाही. तिच्या हातात करा असतो, पाण्याने भरलेला, वर पानं आणि नारळ. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो दोन्ही हातांनी धरायचा. नंतर अक्षता, पानसुपारी, रुखवतापाशी उभं राहणं, पंगतीत फिरणं. म्हणून मोठ्या खड्याची अंगठी, साखळ्यांचा हातफूल, लोंबते झुमके हे सगळं मी पहिल्याच दिवशी कापलं. हातफुलाची साखळी कऱ्याच्या काठात आणि साडीच्या पदरात अडकते. नुसत्या फोटोसाठी घेतलेली वस्तू मुली पहिल्या तासात काढून आईच्या पर्समध्ये टाकतात.

बांगड्या-कडी द्यायची तर माप लागतं, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. दुकानातलं २.४ हे दशांशात नसतं. दोन इंच आणि एका इंचाच्या सोळा भागांतले चार, म्हणजे सव्वादोन इंच आतला व्यास. २.६ म्हणजे दोन पूर्णांक सहा सोळांश. २.८ ला आपल्याकडे बाया अडीचच म्हणतात आणि ते बरोबरही आहे. त्यानंतर येतं २.१०, ते २.८ पेक्षा मोठं. व्हॉट्सअॅपवर माप मागवलं की कोणीतरी शेवटचं शून्य गाळून २.१ लिहिते, आणि दुकानदार सगळ्यात लहान बांगडी पाठवतो. मी मापं तोंडी घेतली नाहीत. अंगठा तळव्यात दुमडून, बोटांच्या गाठींवरून जिथे हात सगळ्यात रुंद असतो तिथे दोरा गुंडाळायचा आणि तो पट्टीवर मोजायचा. १८ सेंटिमीटर आला तर २.४, १९ च्या आसपास २.६, २० ला २.८, २१ ला २.१०. दोन मापांच्या मध्ये आला तर मोठं घ्यावं, वैशाखात उन्हाने हात फुगतात. काचेच्या बांगड्यांची चिंता नव्हती, त्या भरायला कासारीण घरी येते आणि हात दाबून बरोबर बसवते. धातूच्या कड्याला दाबता येत नाही.

नऊ वेगवेगळे हात सांभाळण्यापेक्षा सगळ्यांना बसेल अशी वस्तू शोधली. ठुशी. मागे दोरा आणि सरकता गोंडा असल्याने बारीक मानेच्या शाळकरी मुलीलाही होते आणि भरल्या अंगाच्या मावसबहिणीलाही. सोबत मोत्याच्या कुड्या. बस, दोनच नग. नवरीच्या गळ्यात ठुशी, मोहनमाळ, लक्ष्मीहार असं चढत जाणार होतं, तेव्हा करवलीच्या गळ्यात एकच पदर शोभतो.

नथीवरून मात्र घरात बरीच ओढाताण झाली. "वहिनी, नथीबिगर फोटो कसा येईन?" हे सातहीजणींचं म्हणणं. सातांपैकी तिघींचंच नाक टोचलेलं होतं. बाकीच्यांना दाबाची नथ. ती तीन कारणांनी फसते. घामाने घसरते, जेवताना हाताला लागून पडते, आणि घट्ट दाबली की अर्ध्या तासात नाकपुडी लाल होते. वजन सोनाराच्या काट्यावर करून पाहिलं, तेव्हा चार ग्रॅमच्या आतली नथच दाबावर टिकत होती. हल्लीच्या मोठ्या बानू नथी त्याच्या वर जातात. म्हणून लहान मोत्यांची नथ घेतली आणि ती फक्त मंगलाष्टकं आणि फोटोपुरती, असं आधीच सांगून ठेवलं. बुगडीचंही तसंच, दाबाची असेल तर हलकीच घ्यावी.

बेन्टेक्स किंवा एक ग्रॅमचा माल अकोल्याला पाहिला, अमरावतीलाही पाहिला. नाव काही असलं तरी तो तांब्या-पितळेवर सोन्याचा मुलामा असतो. दुकानात चार गोष्टी पाहायच्या. एक, खिशातलं लोहचुंबक लावायचं. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि पहिल्या घामाला गंजेल. चिकटलं नाही म्हणजे चांगलंच असं मात्र नाही, कारण जस्ताचा ओतीव मालही चिकटत नाही. म्हणून दुसरी गोष्ट, कडेचा एखादा पातळ भाग किंचित वाकवून पाहायचा. पितळ वाकतं, ओतीव जस्त कटकन तुटतं. दुकानदार वाकवू देत नसेल तर तुटका नमुना मागायचा, तो त्याच्याकडे असतोच. तीन, मोत्याचं भोक पाहायचं. तिथे पापुद्रा सुटलेला दिसला तर वरचा रंग लग्नापर्यंत टिकत नाही. चार, खडे कोंदणात बसवलेत की नुसते चिकटवलेत ते नखाने तपासायचं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात एसटीतून किंवा गाडीच्या डिक्कीतून माल आला की गोंद मऊ होतो आणि खडे पिशवीच्या तळाशी सापडतात.

नमुन्याचा एक नग आणून दोन दिवस घरकाम करताना घातला. दुपारी काढून पांढऱ्या रुमालाने मान पुसली. हिरवट डाग आला तर मुलामा पातळ, खालचं तांबं घामाशी मिसळतंय. पहिल्या दुकानाचा नमुना इथेच नापास झाला, दुसऱ्याचा पास झाला आणि मगच नऊ नग सांगितले.

कानाची खाज ही वेगळी गोष्ट. स्वस्त मालात मुलाम्याखाली निकेलचा थर असतो आणि तो काहींच्या कानाला चालत नाही. कान लाल होतो, चिघळतो. सातांपैकी दोघींना हा त्रास आधीपासून होता. त्यांच्या कुड्यांची मागची दांडी गावातल्या सोनाराकडून चांदीची करून घेतली, फिरकीसकट. सोनार एका दिवसात करून देतो, पण लग्नसराईत त्याच्याकडे रांग असते, म्हणून पंधरा दिवस आधी.

मानाच्या दोघींसाठी चांदी. खामगावला रजतनगरी म्हणतात ते उगीच नाही. तिथे एकाच वजनाचे पाच नमुने समोर ठेवून निवडता येतात. पहिला विचार पैंजणाचा होता. पण चांदीने किलोला लाखाचा टप्पा आधीच ओलांडला होता. म्हणजे ४० ग्रॅमचा जोड घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरायच्या आधीच चार हजारांच्या वर. दोघींचे मिळून आठ. म्हणून कंबरेला खोचायचा छल्ला घेतला. नऊवारीवर तो आता पुन्हा फॅशनमध्ये आहे, वजनाला पैंजणापेक्षा हलका मिळतो आणि कुमारिकेला-सवाष्णीला दोघींना चालतो. जोडवी मात्र कुमारिकेला देऊ नयेत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मानाच्या घाईत एखाद्या सेटमध्ये येऊन जातात.

चांदी घेताना नुसतं वजन विचारून भागत नाही, निव्वळ चांदीचं वजन विचारायचं. मीना, खडे आणि आतली लाख काट्यावर चांदीच्या भावाने मोजली जाते आणि मोडीच्या वेळी तीच कापली जाते. टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, विचारायचं. पैंजणात झाळ, म्हणजे सांधे जोडायचा धातू, जास्त असते, म्हणून त्याचं टंच साध्या वस्तूपेक्षा कमी निघतं. चांदीवर हॉलमार्क अजून सक्तीचा नाही, पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा ओळख क्रमांक, ऐच्छिक मिळतो. तो मागायचा आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून पाहायचा. ९२५ चा शिक्का म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. घरात कोणी सुचवलं, छल्ल्याऐवजी सोन्याची चमकी द्या. देता येते, पण दोन ग्रॅमच्या आतल्या सोन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. तेव्हा पावतीवर कॅरेट आणि वजन लिहून घेतल्याशिवाय घेऊ नये.

हळदीला फुलांचे दागिने हवेत, हाही हट्ट. खऱ्या मोगऱ्याचा सेट वैशाखात दोन तासांत तपकिरी होतो. सकाळी दहाला हळद ठरली की ती एकला लागते, हे आपल्याला माहीतच आहे. कापडी फुलांचे घेतले. एक सांगते, हळदीला ठुशी अजिबात घालू देऊ नका. तिच्या दोऱ्याला आणि गोंड्याला लागलेली हळद निघत नाही. मग तो दोरा बदलून पटव्याकडून पुन्हा गाठवून घ्यावा लागतो.

ऑनलाइन मी फक्त कापडी फुलं मागवली. कुरिअर गावात येत नाही, तालुक्याच्या ठिकाणी जाऊन आणावं लागतं आणि कानातल्या वस्तू अनेक ठिकाणी परत घेत नाहीत. पार्सल उघडताना व्हिडिओ काढला म्हणून तुटलेल्या एका बाजूबंदाचे पैसे मिळाले.

डबे, जाळी, कागदाचा चुरा घातलेली हॅम्पर टोपली हीसुद्धा फॅशनच. त्याऐवजी ब्लाउजपीसचे बटवे शिवले. ९ बाय १७ इंचाचा एक तुकडा मध्ये दुमडला की एक बटवा होतो. ८० सेंटिमीटरच्या, ३६ इंच पन्ह्याच्या कापडात असे सहा बसतात. आत ठुशी आणि कुड्या वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, कारण एकमेकींना घासून मुलामा जातो. चांदीच्या बटव्यात खडूचा एक तुकडा टाकला, तो दमटपणा ओढून घेतो. रबर बँड मात्र चांदीला बांधू नये, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते.

बटवे लग्नाच्या तीन दिवस आधी वाटले, मांडवात नाही. त्यामुळे एकीचा गोंडा उलटा बसवलेला आहे आणि एका कुडीची फिरकी ढिली आहे, हे वेळेत कळलं. मांडवाच्या दिवशी माझ्याजवळ एका पिशवीत दोन डझन सेफ्टी पिना, दहा फिरक्या, काळा दोरा, छोटी पक्कड, पारदर्शक नेलपॉलिश आणि फेव्हिक्विक होतं. नेलपॉलिशचा एक हात ठुशीच्या आतल्या बाजूला, कातडीला लागतं तिथे, आदल्या रात्री. फेव्हिक्विक जपून, टाचणीच्या टोकावर घेऊन. जास्त लागलं की त्याच्या वाफेने खड्यावर पांढरी धुरी बसते आणि ती निघत नाही. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी, दागिने शेवटी. गजरा मात्र ठुशीच्या आधी, नाहीतर पिना लावताना गोंडा ओढला जातो.

लग्नानंतरची सफाई आमच्या भागात वेगळी करावी लागते. आमचा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारट. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या दागिन्यावर वाळल्यावर पांढरे ठिपके येतात आणि त्यातल्या क्षारांनी मुलामा खालून सुटतो. घामही खाराच, म्हणून दोन्ही मिळून आठवड्यात काम तमाम. मुलींना सांगून ठेवलं, नळाखाली धरायचं नाही. फिल्टरच्या कॅनचं पाणी, मऊ सुती फडका ओला करून पिळून घ्यायचा, घाम पुसायचा, लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं आणि पंख्याखाली तासभर सावलीत. ठुशीचा दोरा ओला करायचाच नाही. सातांपैकी एकीने बोअरच्या पाण्यात साबण घालून ठुशी धुतली. ती पंधरा दिवसांनी डोहाळजेवणाला काळी होऊन आली, आणि शिल्लक ठेवलेला दुसरा नग तिच्या कामी आला.