श्री, आठचे आकडे आणि एक डाग

बँकेत मी गेली बावीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून पाहतो. "काकू, हा 'क' तुमच्या नेहमीच्या 'क'सारखा नाही," असं म्हणून किती बायकांचे शिव्याशाप घेतले असतील, मोजदाद नाही. त्यामुळे कुणाच्या दारात वही घेऊन सही मागायला जाणं हे माझ्या स्वभावातच नाही. सही बँक घेते आणि स्वाक्षरी चाहता मागतो, एवढाच फरक मला माहीत होता. गेल्या नोव्हेंबरात मात्र मी चाहत्यांच्या रांगेत उभा राहिलो, आणि तेही नाटकासाठी नव्हे, पेनासाठी.

प्रयोग सांगलीत, भावे नाट्यमंदिरात होता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' याच गावात केलं, म्हणून सांगलीकर नाटकाला प्रेक्षक म्हणून जातच नाही, परीक्षक म्हणून जातो. मीही हाताची घडी घालून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. नट मोठे. नाव लिहीत नाही, कारण त्या रात्री त्यांची बोटं माझ्यापायी निळी झाली.

दुसऱ्या अंकात ते मृत्युपत्रावर सही करतात. अशा जागी बहुतेक नट खिशातून काहीतरी काढून कागदावर दोन फराटे ओढतात आणि मोकळे होतात. यांनी पेन काढलं आणि टोपण ओढलं नाही, फिरवलं. एक, दोन, तीन आटे. टोपण मागे न खोचता डाव्या मुठीत धरलं. नीब कागदाच्या कोपऱ्याला हलकेच टेकवून पाहिली, आणि मग सही केली. मी बायकोला कोपरानं ढोसलं.

"शाईचं आहे!"

"काय?"

"पेन!"

पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं. त्यानंतर इस्टेट कुणाला मिळाली, धाकटी सून का रडली, हे मला मध्यंतरात बटाटेवडा खाताना बायकोकडून कळलं.

शाईच्या पेनाचं वेड ज्यांना नाही त्यांना ते समजावून सांगता येत नाही. आमच्या पिढीची शाळाच त्या शाईत बुडालेली. ड्रॉपरनं शाई भरायची, नीब आणि जीभ बसवायची, अडकलं की निबेच्या चिरेत ब्लेडचं पातं घालायचं आणि जास्त आली तर सरळ डोक्याला पुसायची. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली, पुढे त्यातूनच कॅमल आली. माझं निम्मं बालपण त्या उंटाच्या पाठीवर गेलं. मग बॉलपेन आलं, जेल आलं, आणि दुकानदार शाईचं पेन मागणाऱ्याकडे रॉकेल मागणाऱ्याकडे बघावं तसं बघायला लागले. माझ्याकडे एकतीस पेनं आहेत. घरी आकडा बारा सांगितलेला आहे.

त्या रात्री खिशात होतं ते रत्नमचं, आंध्रातल्या राजमहेंद्रीचं. या पेनाचा आणि आपल्या वर्ध्याचा एक धागा आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं ठाणं वर्ध्याला होतं. तिथल्या कुमारप्पांच्या हाती रत्नम यांनी आपलं स्वदेशी पेन गांधीजींना पाठवलं, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांना पत्र लिहून कळवलं की पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या विदेशी पेनांना हे चांगला पर्याय दिसतं. 'दिसतं' हा शब्द मला फार आवडतो. बनियाचं शिफारसपत्र, उगाच एक पैसा जास्त नाही.

नाटक संपल्यावर रंगपटात गेलो. नाटकवाल्यांचं हे एक बरं असतं, पडदा पडला की पाच मिनिटांत राजा टॉवेल खांद्यावर टाकून खोबरेल तेलानं तोंड पुसताना सापडतो. पुढे आठदहा जण होते, सगळे सेल्फीवाले. त्यांचं काम झटपट. माझा नंबर आला तेव्हा घशाला कोरड पडली होती. "सर, स्वाक्षरी," म्हणून वही पुढे केली, आणि पेनही.

इथे एक कबुली. मी कुणाला पेन देत नाही. लेखणी परक्याच्या हातात गेली की गेली, हे संस्कृतात सांगून ठेवलेलं आहे आणि बँकेत रोज सिद्ध होतं; म्हणून तर काउंटरवरचं बॉलपेन आम्ही सुतळीनं बांधतो. पण हा माणूस टोपण फिरवतो, ओढत नाही. दिलं.

त्यांनी वहीकडे पाहिलंच नाही. पेन हातात घेतलं, अंगठ्यानं दांडी खसाखसा चोळली आणि नाकाशी नेली. मागची मुलगी दचकली. मी नाही दचकलो, मीही तेच करतो. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. चोळलं की तो जुना, जळका वास येतो.

"रत्नम?"

"हो सर."

"उन्हात ठेवत होता का? तपकिरी पडलंय."

"खिडकीत असायचं, सर."

"ठेवू नका." हे त्यांनी मृत्युपत्र वाचावं तशा आवाजात म्हटलं.

मग त्यांनी वही मांडीवर घेतली आणि पानाच्या वर मधोमध 'श्री' लिहिलं. नवीन पेन हातात आलं की मराठी माणूस दुसरं काही लिहूच शकत नाही. त्याखाली आडवे आठ काढले, न थांबता, सात-आठ. मग नीब उलटी करून एक बारीक रेघ. मग 'छान वाहते' असे दोन शब्द. शाई कुठली म्हणाले. मी म्हटलं, कॅमल, रॉयल ब्लू. "मग बरोबर," म्हणाले, आणि नाटकातल्या कोटाच्या खिशातून स्वतःचं पेन काढून माझ्या हातात ठेवलं. काळं, जाड, कुणाकडून तरी तिरकी घासून घेतलेली नीब. आडवी रेघ जाड पडायची, उभी बारीक. मी माझ्या तळहातावर 'श्री' काढलं. वहीचं पान त्यांच्याकडे होतं ना.

पुढची दहा मिनिटं निबेवर गेली. मी त्यांच्या अभिनयाबद्दल एक अक्षर बोललो नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. रंगभूषाकार खाकरला. कुणीतरी येऊन सांगितलं की सामान भरलं, बस लावलीय.

"अरे हो, सही राहिली," म्हणाले, आणि आठच्या आकड्यांखाली नीब टेकवली. टेकवली तोच टपकन थेंब पडला. थेंब कसला, चार आण्याएवढं तळं. दोन बोटं निळी, टॉवेलला ठिपका.

मला जमीन दुभंगून हवी होती. ते मात्र पेन दिव्यासमोर धरून बघत होते. "कधी भरलं होतं?"

"सोमवारी."

"आज शनिवार. अर्ध्याखाली आलं की हे ओकणारच." या पेनात वेगळी नळी नसते, सगळ्या दांडीतच शाई. शाई कमी झाली की वर हवा, आणि हाताच्या उबेनं ती हवा फुगते, शाईला बाहेर ढकलते. त्यात तीन तास दिव्यांखाली तापलेला हात. "भरून आणत जा हो," म्हणाले. टीपकागद कुठून असणार? त्यांनी पावडरीचा डबा ओढला, पफ त्या तळ्यावर दाबला, गुलाबी पफ निळा झाला, रंगभूषाकारानं डोळे मिटले. वही तशीच मिटून माझ्या हातात दिली, पेनाचं टोपण तीन आटे फिरवून ते माझ्या खिशाला स्वतः अडकवलं, आणि गेले.

जिन्यात वही उघडली. श्री. आठाचे आकडे. एक रेघ. छान वाहते. पावडरीत थापलेला डाग. सही नाही.

घरी मुलानं पान उलटंसुलटं करून पाहिलं. "बाबा, हे तर तुम्हीपण काढलं असतं." हो की. उद्या हाच कागद काउंटरवर आला तर शेरा मारून मीच परत पाठवीन. पण 'छान'मधल्या 'छ'ची गाठ बघा म्हटलं, अशी माझी येते का? तो म्हणाला, मला काय माहीत, सह्या तुम्ही जुळवता. बायकोनं वेगळाच मुद्दा काढला. "तीस पेनं घरात असताना गळकंच न्यायचं होतं?"

बारा, मी म्हटलं. ती नुसती हसली. कपाट तिनं केव्हाच मोजलेलं दिसतंय.

पुढच्या महिन्यात त्यांचा प्रयोग इचलकरंजीला आहे. दोन तिकिटं काढलीत. त्या दिवशी दुपारी पेन गळ्यापर्यंत भरणार आहे. वही तीच नेईन. अजून उघडली की पावडरीचा वास येतो, आणि डागाखाली चार बोटं जागा आहे.