बरणी फुटते ती खोक्याच्या आतच

लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी किंवा पणजोबांची काचेची तसबीर गावाहून शहरात नाहीतर परदेशी पाठवायची झाली, की आधी ‘नाजूक वस्तू’चं लाल स्टिकर शोधलं जातं. लावा हवं तर. पण खोका कमरेच्या उंचीवरून एकदा तरी पडणार आणि एकदा तरी उलटा ठेवला जाणार, असं धरूनच बांधाबांध करायची.

बांधण्याआधी बरणी तपासा. माठ घेताना करतो तसंच: एका हाताच्या तळव्यावर तोलून बोटाने हलकी टिचकी मारा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. जुना सांधा असेल तर त्यावर अजिबात भार येऊ देऊ नका. उचलताना कडेला किंवा कानाला धरायचं नाही. एक हात बुडाखाली, एक पोटाला.

चकाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर त्यांतून वर्षानुवर्षांचं मीठ आणि तेल आत मुरलेलं असतं. ओल आली की मीठ विरघळतं, सुकलं की त्याचे स्फटिक होतात, आणि ते फुगून वरची चकाकी खपलीसारखी सोडवतात. बुडाशी पांढरा भुगा दिसला तर तो हाच. अशी बरणी कोमट पाण्याने धुवावी, पाणी दोन-तीनदा बदलावं आणि सावलीत निदान तीन-चार दिवस सुकू द्यावी. घाईने ओलसर बरणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तर बुरशी ठरलेलीच.

आता बांधणी. झाकण वेगळं, बरणी वेगळी. झाकण तोंडावर बसवून, वरून दादरा बांधावा तसं चिकटपट्टीने आवळून पाठवणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. प्रवासभर कड कडेवर आपटत राहते आणि दोन्हींचे टवके उडतात. बरणीच्या पोटात मऊ कागदाचे बोळे सैलसर भरा. ठासून भरले तर दाब आतून बाहेर येतो, आणि तडा गेलेल्या बरणीला तेवढं पुरतं. अंगाला पहिला थर धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडाचा द्या. जुनं पातळ उत्तम. वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई रेघांत उतरते. त्यावर बबल रॅपचे दोन वेढे, फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत ठेवले तर त्यांचे ठसे उमटू शकतात. मानेचा खळगा फोमच्या पट्टीने भरून पोटाच्या पातळीला आणा, म्हणजे धक्का थेट कडेवर येणार नाही.

गुंडाळलेली बरणी जेमतेम मावेल असा आतला खोका घ्या. बाहेरचा खोका पाच प्लायचा (पाच थरांच्या जाड पुठ्ठ्याचा), लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी १० सेंमी जास्त, म्हणजे सगळीकडून ५ सेंमी गादी मिळते. या जागेत फोमच्या शीटचे तुकडे घट्ट बसवा. थर्मोकोलच्या गोळ्या नकोत. त्या सरकत राहतात आणि जड बरणी प्रवासात हळूहळू तळाला जाऊन टेकते. नुसते कागदाचे बोळेही लांबच्या वाटेत दबून बसतात. एका खोक्यात एकच बरणी. बंद करून हलकेच हलवा. आत खुडखुड ऐकू आली तर खोका पुन्हा उघडा. आळस इथेच नडतो.

तसबिरीचं गणित वेगळं. काचेवर मास्किंग टेपच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावा, चौकटीला मात्र टेप लागू देऊ नका. काच फुटली तरी तुकडे जागेवर राहतात, फोटो फाटत नाही. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, कोपऱ्यांना फोम, आणि खोक्यात कायम उभी. आडवी ठेवली की वरचं सगळं ओझं काचेवर. कोकणातल्या दमट घरांत जुना फोटो काचेला चिकटलेला असतो. तो ओढून सोडवू नका, चेहराच काचेवर राहील. काचेसकट पाठवा. घरी टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावले तर भिंतीची ओल थेट लागत नाही. बरण्या मात्र माळ्यावर नकोत, खालच्या फळीवर असाव्यात. एकीवर एक रचू नयेत, आणि झाकणाखाली कागदाची घडी ठेवून हवा खेळू द्यावी.

परदेशी पाठवायचं असेल तर वय आधी बघा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते (हस्तलिखित असेल तर ७५), आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्यावा. ‘आमच्या आजीची आहे’ हे कस्टमला पुरत नाही.

कुरिअरच्या अटी वाचा. काच आणि चिनी मातीची मोडतोड बऱ्याचदा भरपाईतून वगळलेली असते. पाठवण्याआधी सगळ्या बाजूंनी आणि आधीच्या टवक्यांचे जवळून फोटो काढा. थंड देशात पोहोचलेला खोका रात्रभर घरात बंदच राहू द्या, नाहीतर गार वस्तूवर दव धरतं. आणि फुटलेलं निघालं तर फोटो काढा, पण भरपाईचा दावा निकाली निघेपर्यंत खोका आणि आतलं भरण फेकू नका, दावा करताना तेच मागतात.