आमची वाटचाल : चालत्या गेम सर्व्हरची डागडुजी

पुण्यात आमची फर्म सुरू झाली ती लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे आणि हिशेबाची सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी. व्यवसायाला खरी दिशा मिळाली ती परदेशातील एका ग्राहकाच्या गेम सर्व्हरमुळे. 'क्वेक थ्री अरेना' हा गेम 1999 मध्ये आला आणि 2005 मध्ये त्याच्या इंजिनाचा, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, सोर्स कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुला झाला. त्या इंजिनावर उभ्या राहिलेल्या एका गेमचा सर्व्हर आमच्याकडे देखभालीसाठी आला. कोड सी भाषेतला आणि अनेक हातांनी वाढवलेला होता. सर्व्हर चालू राहिला पाहिजे आणि खेळाडूंना खेळात कोणताही फरक जाणवता कामा नये, अशी ग्राहकाची अट होती.

सगळे नव्याने लिहून काढा, असा सल्ला अनेकांनी दिला. तो आम्ही मानला नाही, कारण खेळाडूंच्या अंगवळणी पडलेले बारकावे कोणत्याही दस्तऐवजात नव्हते, ते त्या जुन्या कोडमध्येच होते. म्हणून आधी प्रत्यक्ष सामन्यांतील पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून येणारे माहितीचे छोटे तुकडे, वेळेसह नोंदवण्याची सोय केली. तीच पॅकेट जुन्या आणि सुधारित सर्व्हरला देऊन प्रत्येक फ्रेमअखेर (फ्रेम म्हणजे सर्व्हरच्या गणिताची एक फेरी) दोन्हींची स्थिती ताडून पाहिल्याशिवाय एकही बदल स्वीकारायचा नाही, असे ठरवले.

या तपासणीचे मोल सर्व्हर 32 बिटी प्रणालीवरून 64 बिटी प्रणालीवर नेताना कळले. जुने बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार केलेला चालता प्रोग्राम, प्रोसेसरच्या एक्स87 या जुन्या गणिती भागाच्या 80 बिटी रजिस्टरांत गणित करत होते, तर नवे एसएसई हा कमी बिटांत गणित करणारा नंतरचा सूचनासंच वापरत होते. फरक दशांश चिन्हानंतरच्या अंकांतला असला, तरी या इंजिनात खेळाडूचा वेग पूर्णांकात आणला जातो आणि तिथे सूक्ष्म तफावतही एका पूर्ण एककाची होऊ शकते. मग उडी बदलते, आणि सराईत खेळाडूला ते लगेच कळते. पूर्णांकनाचा हा नियम आम्ही एकाच फंक्शनमध्ये स्पष्टपणे लिहून काढला.

सुरक्षेचे काम वेगळ्या प्रकारचे होते. सर्व्हरची स्थिती विचारणारी विनंती जेमतेम 13 बाइटांची असते, पण उत्तर तिच्या कितीतरी पट मोठे जाते. यूडीपीमध्ये, म्हणजे हे गेम पॅकेट पाठवण्यासाठी वापरतात त्या नेटवर्क पद्धतीत, पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो, त्यामुळे आपला सर्व्हर तिसऱ्याच कुणावर मारा करण्याचे हत्यार बनू शकतो. यासाठी प्रत्येक पत्त्यामागे आणि एकूणही उत्तरांच्या वेगावर मर्यादा घातली. बफरची, म्हणजे मेमरीत राखून ठेवलेल्या जागेची, लांबी न पाहता मजकूर उतरवणारी प्रत्येक ओळ बदलली आणि क्लायंटकडून आलेली लांबी, क्रमांक किंवा फाइलचे नाव तपासल्याशिवाय वापरायचे नाही, हा नियम केला.

पॅकेट उलगडणारा भाग आम्ही उर्वरित सर्व्हरपासून वेगळा काढला आहे. मेमरीच्या चुका पकडणारे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे साधन लावलेल्या बिल्डवर त्याचे फझिंग, म्हणजे मुद्दाम वेडीवाकडी पॅकेट देऊन तपासणे, रोज रात्री चालते, आणि सर्व्हर कोसळवणारे प्रत्येक पॅकेट कायमच्या चाचण्यांमध्ये जमा होते. फर्ममध्ये नव्याने आलेल्या अभियंत्याला पहिले काम दिले जाते ते याच चाचण्या वाचण्याचे.